फर्स्ट अँगल की थर्ड अँगल? ड्रॉइंग वाचण्यापूर्वी करायची तपासणी

ड्रॉइंगवर तीन दृश्ये काढलेली असतात, मापे स्पष्ट असतात, छिद्रांचे व्यास आणि टॉलरन्स (मापात चालणारी सूट) जिथल्या तिथे लिहिलेले असतात, आणि तरीही त्या कागदावरून तयार केलेला जॉब जोडणीच्या वेळी बसत नाही. मोजून पाहावे तर प्रत्येक माप बरोबर भरते. फक्त जे छिद्र पुढच्या बाजूला हवे होते ते मागच्या बाजूला आलेले असते. जॉब चुकलेला नसतो, तो आरशातला असतो, आणि आरशातला जॉब घासून किंवा भरून दुरुस्त करता येत नाही. या प्रकारामागे बहुतेक वेळा एकच कारण सापडते : ड्रॉइंग कोणत्या प्रक्षेपण पद्धतीत, म्हणजे दृश्ये कागदावर मांडण्याच्या कोणत्या रीतीने, काढले आहे हे न पाहताच ते वाचले गेले.

पाठ्यपुस्तकांत या पद्धतींना प्रथम कोन प्रक्षेपण आणि तृतीय कोन प्रक्षेपण म्हणतात. कारखान्यात त्यांना सर्रास फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल म्हटले जाते. या लेखात दोन्ही नावे आलटून पालटून येतील. दृश्यांसाठी मात्र फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू आणि साइड व्ह्यू हेच शब्द वापरले आहेत, कारण आयटीआयपासून डिझाइन ऑफिसपर्यंत तेच बोलले जातात.

फरक दृश्यांत नाही, जागेत आहे

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. फर्स्ट अँगलचा टॉप व्ह्यू आणि थर्ड अँगलचा टॉप व्ह्यू यांत एका रेषेचाही फरक नसतो. वस्तूकडे वरून पाहिले की जे दिसते तेच दोन्ही पद्धतींत काढले जाते. बदलते ती फक्त ते दृश्य कागदावर ठेवण्याची जागा. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि डावीकडून दिसणारे दृश्य फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे येते. थर्ड अँगलमध्ये टॉप व्ह्यू वर, डावीकडून दिसणारे दृश्य डावीकडे आणि उजवीकडून दिसणारे उजवीकडे अशी मांडणी असते.

ही उलटापालट का होते, हे समजले की पाठांतराची गरज उरत नाही. फर्स्ट अँगलमध्ये वस्तू ही पाहणारा आणि प्रतल यांच्या मध्ये असते, असे कल्पिलेले आहे. कंदिलासमोर हात धरल्यावर सावली पलीकडच्या भिंतीवर पडते, त्याप्रमाणे डावीकडून पाहिलेले रूप उजवीकडच्या भिंतीवर उमटते आणि वरून पाहिलेले रूप खाली जमिनीवर उमटते. थर्ड अँगलमध्ये प्रतल हे पाहणारा आणि वस्तू यांच्या मध्ये असते. वस्तू काचेच्या पेटीत ठेवली आहे आणि जी बाजू पाहतो ती त्याच बाजूच्या काचेवर गिरवतो आहोत, असे समजावे. पेटी उलगडली की प्रत्येक दृश्य आपापल्या बाजूलाच राहते.

‘कोन’ हा शब्द मात्र विद्यार्थ्यांना नाहक गोंधळात टाकतो, कारण येथे अंशांत मोजायचा कोणताही कोन नसतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांनी मेझियेरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत असताना ही भूमिती मांडली. तटबंदीच्या आखणीत तिचा उपयोग इतका मोठा होता की ती बरीच वर्षे लष्करी गुपित म्हणून राखली गेली, आणि १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमधील व्याख्यानांतून ती उघडपणे शिकवली गेली. एक उभे आणि एक आडवे प्रतल एकमेकांना छेदले की अवकाशाचे चार भाग पडतात. प्रथम, तृतीय ही नावे त्या भागांची आहेत. आडव्या प्रतलाच्या वर आणि उभ्या प्रतलाच्या पुढे तो पहिला भाग; आडव्याच्या खाली आणि उभ्याच्या मागे तो तिसरा.

मग दुसरा आणि चौथा कोन का वापरत नाहीत, हा तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. कागदावर आणण्यासाठी आडवे प्रतल असे फिरवतात की त्याचा पुढचा अर्धा भाग खाली जातो आणि मागचा अर्धा भाग वर येतो. पहिल्या भागातील वस्तूचा टॉप व्ह्यू पुढच्या अर्ध्यावर असतो, तो खाली जातो. तिसऱ्या भागातील वस्तूचा मागच्या अर्ध्यावर असतो, तो वर येतो. दुसऱ्या भागात मात्र फ्रंट व्ह्यूही वर आणि टॉप व्ह्यूही वर, तर चौथ्यात दोन्ही खाली, त्यामुळे दृश्ये एकमेकांवर चढतात.

कढई आणि काडेपेटी

हे सगळे हातात धरून पाहायचे असेल तर एक काडेपेटी घ्यावी आणि तिच्या सहा बाजूंवर पुढे, मागे, वर, खाली, डावी, उजवी असे लिहावे. ‘पुढे’ लिहिलेली बाजू आपल्या नजरेकडे येईल आणि ‘वर’ लिहिलेली बाजू कागदाच्या वरच्या कडेकडे तोंड करील, अशा रीतीने पेटी कागदाच्या मध्यावर ठेवावी. वरून दिसणारी ‘पुढे’ ही बाजू म्हणजे आपला फ्रंट व्ह्यू.

आता पेटी उजवीकडे कलंडून टाकावी. ‘डावी’ ही बाजू वर येते. म्हणजे फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे डावीकडून पाहिलेले दृश्य आले. पुन्हा मूळ जागी आणून पेटी आपल्याकडे कलंडावी. ‘वर’ ही बाजू दिसू लागते, म्हणजे टॉप व्ह्यू खाली आला. अशा रीतीने पेटी लोळवत नेली की फर्स्ट अँगलची मांडणी मिळते.

थर्ड अँगलसाठी तीच पेटी कढईत ठेवलेली आहे अशी कल्पना करावी. कढईच्या तळातून ती उजव्या उतारावर सरकवत वर नेली की तिची ‘मागे’ ही बाजू कढईला टेकलेलीच राहते आणि वरून पाहणाऱ्याला ‘उजवी’ बाजू दिसते. पलीकडच्या उतारावर सरकवली की ‘वर’ ही बाजू दिसते. हीच कढई उपडी घालून तिच्या पाठीवरून पेटी घसरवली तर परत फर्स्ट अँगल मिळतो. मी स्वतः शिकताना प्रतलांच्या आकृत्यांपेक्षा सुलटी कढई म्हणजे थर्ड आणि उपडी कढई म्हणजे फर्स्ट, एवढ्यावरच अधिक भिस्त ठेवली आणि ती कधी चुकली नाही.

पायरी पहिली : चिन्ह शोधणे

ड्रॉइंग हातात आले की मापांकडे वळण्यापूर्वी उजव्या खालच्या कोपऱ्यातील टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगचे नाव, क्रमांक अशा माहितीची चौकट, पाहावा. तेथे किंवा त्याच्या लगत छाटलेल्या शंकूची दोन दृश्ये असलेले छोटे चिन्ह असते : एक समलंब चौकोन आणि एक एकात एक असलेली दोन वर्तुळे. कोणते चित्र डावीकडे आणि कोणते उजवीकडे, हे पाठ करू नये. दोन्ही वर्तुळे ठळक रेषेची आहेत, याचा अर्थ शंकूकडे अरुंद टोकाच्या बाजूने पाहिलेले आहे. रुंद टोकाकडून पाहिले असते तर आतले वर्तुळ लपलेले, म्हणून तुटक रेषेचे झाले असते. आता समलंब चौकोनाचे कोणते टोक वर्तुळांकडे आहे ते पाहावे. अरुंद टोक वर्तुळांच्या शेजारी असेल तर ज्या बाजूने पाहिले त्याच बाजूला दृश्य ठेवले आहे, म्हणजे थर्ड अँगल. रुंद टोक वर्तुळांच्या शेजारी असेल तर दृश्य विरुद्ध बाजूला गेले आहे, म्हणजे फर्स्ट अँगल. चिन्ह उलटे काढलेले असले तरी ही कसोटी बदलत नाही.

पायरी दुसरी : प्रत्येक दृश्यावर ‘पुढे’ कोठे आहे ते ठरवणे

संपूर्ण लेखातील कामाचा भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबू. पद्धत कळल्यावर पुढचा नियम एका वाक्यात मावतो : फर्स्ट अँगलमध्ये वस्तूची पुढची बाजू प्रत्येक शेजारच्या दृश्यात फ्रंट व्ह्यूपासून दूरच्या कडेला असते आणि थर्ड अँगलमध्ये ती फ्रंट व्ह्यूच्या जवळच्या कडेला असते. टॉप व्ह्यू असो, डावा असो की उजवा, हा नियम सर्वांना सारखाच लागू पडतो.

उदाहरणासाठी एक साधा ब्रॅकेट घेऊ. त्याचा तळ ८० मिलिमीटर लांब, ५० रुंद आणि १० जाड आहे. डाव्या टोकाला १० जाडीची उभी भिंत आहे आणि तळासकट तिची एकूण उंची ६० आहे. तळात १२ व्यासाचे एक आरपार छिद्र असून ते डाव्या टोकापासून ६० वर आणि पुढच्या कडेपासून १५ वर आहे. फ्रंट व्ह्यूमध्ये इंग्रजी एल अक्षरासारखा आकार दिसेल आणि छिद्र तुटक रेषांनी दाखवलेले असेल. टॉप व्ह्यूमध्ये ८० गुणिले ५० चा आयत, डाव्या कडेपासून १० वर भिंतीच्या आतल्या पृष्ठाची ठळक उभी रेषा आणि छिद्राचे वर्तुळ दिसेल.

हे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये आहे असे धरू. टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली आहे, म्हणून पुढची बाजू म्हणजे त्याची खालची, दूरची कड. छिद्र त्या कडेपासून १५ वर आहे आणि फ्रंट व्ह्यूच्या बाजूच्या कडेपासून ३५ वर. एखाद्या कारागिराने सवयीने तेच ड्रॉइंग थर्ड अँगलचे समजून वाचले, तर खाली असलेले दृश्य त्याला खालून पाहिलेले वाटेल आणि फ्रंट व्ह्यूच्या जवळची कड पुढची वाटेल. तो छिद्र पुढच्या कडेपासून ३५ वर पाडील. तयार झालेला ब्रॅकेट मूळ ब्रॅकेटचे तंतोतंत प्रतिबिंब असेल. कसाही फिरवला तरी तो मूळ जागी बसणार नाही.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात घ्यावी. साइड व्ह्यूही दिलेला असेल तर तो वाचतानाही पुढची आणि मागची कड तशीच उलटी धरली जाते. दोन्ही दृश्ये एकाच दिशेने चुकतात, त्यामुळे मापे एकमेकांशी व्यवस्थित जुळतात आणि ‘दोन्ही व्ह्यू टॅली झाले’ या समाधानात चूक पुढे सरकते.

गोल जॉबमध्ये, म्हणजे शाफ्ट, बुश किंवा समान अंतरावर छिद्रे असलेल्या फ्लँजमध्ये, पुढे आणि मागे यांत फरक नसल्यामुळे पद्धत चुकीची धरली तरी काही बिघडत नाही. सपाट पट्टीत आरपार छिद्रे असतील तर ती पालथी केली की प्रतिबिंबाचे मूळ होते. छिद्राला एकाच बाजूने काउंटरसिंक (स्क्रूचे डोके बसावे म्हणून तोंडाशी केलेला शंकूसारखा खोलगट भाग) असले की ही सूट संपते. अशा कामांवरच हात बसलेला कारागीर वर्षानुवर्षे एकही जॉब रिजेक्ट न होता चुकीच्या पद्धतीने ड्रॉइंग वाचत राहू शकतो.

चिन्हच नसेल तर

पीडीएफमधून कापून पाठवलेले चित्र, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो, फाटलेली जुनी ब्लूप्रिंट अशा वेळी टायटल ब्लॉक हाती नसतो. तेव्हा अंदाज न बांधता ठळक आणि तुटक रेषांकडून साक्ष घ्यावी.

वस्तूच्या एकाच बाजूला असलेले एखादे वैशिष्ट्य निवडावे : एकीकडची भिंत, एका बाजूने पाडलेले बंद छिद्र, एका टोकाची खाच. ते कोणत्या बाजूने पाहिले तर दिसेल आणि कोणत्या बाजूने पाहिले तर लपेल, हे फ्रंट व्ह्यूवरून ठरवावे. मग शेजारच्या दृश्यात ते ठळक आहे की तुटक, हे पाहावे. आपल्या ब्रॅकेटची भिंत तळाच्या वर आहे, हे फ्रंट व्ह्यू सांगतो. खाली ठेवलेल्या दृश्यात भिंतीच्या आतल्या पृष्ठाची रेषा ठळक आहे. खालून पाहिले असते तर तळामुळे ती लपली असती आणि तुटक काढावी लागली असती. म्हणजे हे दृश्य वरूनच पाहिलेले आहे, ते खाली ठेवले आहे, म्हणून ड्रॉइंग फर्स्ट अँगलचे. साइड व्ह्यूही तीच साक्ष देतो : फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे ठेवलेल्या दृश्यात तळाच्या वरच्या पृष्ठाची, १० उंचीवरची रेषा तुटक असेल तर मध्ये भिंत आडवी येत आहे, म्हणजे ते डावीकडून पाहिलेले आहे.

काही ठिकाणी लपलेल्या रेषा गर्दी टाळण्यासाठी मुद्दाम काढतच नाहीत. अशा ड्रॉइंगमध्ये तुटक रेषा नाही म्हणून निष्कर्ष काढू नये; ठळक रेषा आहे, हाच भरवशाचा पुरावा मानावा. कागदाचा आकार, मापे इंचांत असणे, टिपांची भाषा, मानकाचा उल्लेख या गोष्टी फक्त इशारा देतात. सोबत त्रिमितीय मॉडेलची फाइल आली असेल तर ती उघडून ताडून पाहणे सर्वांत सोपे. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर ज्याने ड्रॉइंग पाठवले त्याला लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर मशीन चालू करू नये.

कोणाचे ड्रॉइंग, कोणती पद्धत

जर्मनी, फ्रान्स आणि युरोपातील बहुतेक देश फर्स्ट अँगल वापरतात. चीनमध्येही तीच रूढ आहे. अमेरिका, कॅनडा, जपान आणि ऑस्ट्रेलिया येथे थर्ड अँगल चालतो. ब्रिटनच्या मानकाला दोन्ही मान्य आहेत, फक्त चिन्ह हवे. आंतरराष्ट्रीय मानकही दोन्हींना जागा देते.

आपल्याकडचा इतिहास थोडा वळणावळणाचा आहे. आयएस ६९६ या भारतीय मानकाच्या १९६० च्या आवृत्तीने थर्ड अँगलची शिफारस केली, १९७२ च्या आवृत्तीने निवड वापरणाऱ्यावर सोडली आणि १९८८ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या प्रकाशनाने पुन्हा फर्स्ट अँगलची शिफारस केली. त्यामुळे वेगवेगळ्या काळात शिकलेल्या अभियंत्यांच्या सवयी वेगवेगळ्या असणे स्वाभाविकच आहे. आज महाविद्यालयात आणि आयटीआयमध्ये मुख्यतः फर्स्ट अँगल गिरवला जातो; पण चाकण, भोसरी किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत जॉबवर्क करणाऱ्याच्या टेबलावर जर्मन कंपनीचे ड्रॉइंग सकाळी आणि जपानी किंवा अमेरिकी कंपनीचे दुपारी येऊ शकते. त्याला ‘आपली पद्धत’ अशी काही असून चालत नाही.

श्रेष्ठ कोणती, या वादात मी थर्ड अँगलच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण लांब जॉबमध्ये दिसते. दोन मीटर लांबीच्या शाफ्टच्या डाव्या टोकाची किल्लीची खाच फर्स्ट अँगलमध्ये कागदाच्या पार उजव्या टोकाला दाखवावी लागते. थर्ड अँगलमध्ये ती त्या टोकाच्या शेजारीच दिसते. तरीही ग्राहकाची पद्धत बदलण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

स्वतः ड्रॉइंग काढताना

संगणकावर ड्रॉइंग काढताना पद्धत आधी ठरवावी आणि मगच दृश्ये ठेवावीत. सॉलिडवर्क्समध्ये ही निवड शीटच्या गुणधर्मांत असते, ऑटोकॅडमध्ये मॉडेलवरून काढायच्या दृश्यांसाठी ‘व्ह्यूएसटीडी’ ही आज्ञा आहे आणि फ्रीकॅडमध्ये प्रक्षेपण गटाच्या खिडकीत ती करता येते. मात्र बऱ्याच टेम्प्लेटमध्ये टायटल ब्लॉकमधील शंकू हे निव्वळ चित्र असते. सेटिंग बदलले म्हणून ते आपोआप बदलत नाही. चिन्ह एक सांगते आणि दृश्ये दुसरेच, असे ड्रॉइंग चिन्ह नसलेल्या ड्रॉइंगपेक्षा घातक असते. म्हणून पहिले साइड व्ह्यू ठेवल्याबरोबर वरची ठळक-तुटक कसोटी स्वतःच्या ड्रॉइंगलाही लावावी.

एका पद्धतीचे ड्रॉइंग दुसऱ्या पद्धतीत न्यायचे असेल तर दृश्य जसेच्या तसे उचलून विरुद्ध बाजूला सरकवावे. मिरर ही आज्ञा येथे कधीही वापरू नये; दृश्याची जागा बदलायची असते, दृश्य नव्हे. एकाच शीटवर दोन्ही पद्धती मिसळू नयेत. जागेअभावी एखादे दृश्य ठरलेल्या ठिकाणी मावत नसेल तर फ्रंट व्ह्यूवर पाहण्याच्या दिशेचा बाण आणि अक्षर द्यावे आणि दृश्याशी तेच अक्षर लिहावे. अशा दृश्याची दिशा बाण सांगतो, त्याची जागा नाही, आणि ते कोठेही ठेवता येते. छेद दृश्याच्या बाणांनाही हेच लागू होते.

कारखान्यात प्रिंट मशीनवर जाण्यापूर्वी सुपरवायझरने प्रत्येक दृश्याच्या योग्य कडेला पेन्सिलने ‘पुढे’ एवढा शब्द लिहून ठेवावा. त्याला एक मिनिट पुरते. डाव्या आणि उजव्या हाताच्या जोडीचे भाग असतील तर हे अधिकच जपावे. अशा ड्रॉइंगवर एकच भाग काढलेला असतो आणि दुसरा त्याच्या उलट करावा, अशी टीप असते. पद्धत चुकीची वाचली तर डावा म्हणून उजवा आणि उजवा म्हणून डावा तयार होतो. दोघांची संख्या सारखी असेल तर सगळे भाग खरे तर वापरता येण्याजोगे असतात, फक्त त्यांच्यावर पंच केलेले भाग क्रमांक एकमेकांचे असतात. असा लॉट परत आला तर तो भंगारात काढण्यापूर्वी दोन्ही ढीग शेजारी ठेवून एक जोडी बसवून पाहावी.